सारिकाने सांगितलेलं उत्तर

सारिका गेली हे मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कळलं. तिच्या धाकट्या भावाचा फोन होता. "ताई, अक्का गेली," तो म्हणाला, आणि मी विचारलं, "कुठं?" ...खरंच विचारलं. ती गावाकडचं ते घर सोडून कुठंतरी जाईल, याची मी इतकी वर्षं वाट बघत होते, म्हणून असेल. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी पुण्याच्या वाटेवर गाडीतच सगळं संपलं. चौतिसावं चालू होतं तिला. आता महिना झाला.

मी आंबवड्याची, ती राजगडाखालच्या पालीची. कॉम्प्युटरच्या पदवीसाठी भोरला एसटी स्टँडमागच्या एका खोलीत आम्ही तीन वर्षं राहिलो. शेवटच्या वर्षी मुलाखतींची तयारी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे सी भाषेच्या प्रश्नांचा एक झेरॉक्सचा गठ्ठा होता, कॉम्प्युटर मात्र कॉलेजच्या लॅबमध्येच. म्हणून खोलीवर आम्ही प्रोग्रॅम कागदावर चालवायचो. एकीनं प्रश्न वाचायचा, दुसरीनं मशीन व्हायचं. मशीननं आपली अक्कल लावायची नाही, लिहिलंय तेवढंच करायचं. सारिकाला हे अवघड जाई. तिसरी जागा न वापरता दोन आकड्यांची अदलाबदल करा, या प्रश्नावर तर ती चिडलीच. "दोन वाट्यांतलं दूध नि ताक बदलायचं तर तिसरी वाटी लागतीच की. घरात वाटी असताना ही कसली हौस?" एवढं बोलून तिनं बेरीज-वजाबाकी करत तीन ओळींत ते सोडवलं आणि भात टाकायला उठली.

आकड्यांच्या कोड्यांत तिला एक फार आवडायचं. चार वेगवेगळे अंक घ्या, त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. पाच-सात वेळा केलं की ६१७४ येतं, आणि मग कितीही करा, ६१७४च. "कुठनंबी निघा, हितंच येऊन अडकतंय," ती म्हणायची. तेव्हा आम्ही हसायचो.

गठ्ठ्यातला एक प्रश्न आम्ही घोकून ठेवला होता. आकडा पाच. एकाच ओळीत तो तीनदा एकेकानं वाढवायचा आणि त्या तिन्हींची बेरीज करायची. हातानं केली तर सहा, सात, आठ मिळून एकवीस. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मात्र चोवीस यायचे. का येतात हे सरांनाही ठाऊक नव्हतं. मशीन सांगतं म्हणजे बरोबर, असं आमचं साधं गणित.

पुण्याच्या मुलाखतीत सारिका माझ्या आधी आत गेली. बाहेर आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. माझं नाव पुकारलं होतं. दारातच तिनं माझा दंड धरला. "आशे, त्यो प्रश्न इचारत्यात. चोवीस म्हनू नगंस. म्या म्हनले नि साहेब हसला. असलं वाक्य नियमातच बसत न्हाई म्हनं, मशीन काईबी उत्तर दील. त्येच सांग." मी आत गेले. प्रश्न आला. मी तेच सांगितलं, वर थोडा विचार केल्यासारखा चेहराही केला. साहेब खूश झाले. यादीत माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

पुढच्या भरतीत तिचं नाव द्यायचं मी ठरवलं होतं. तेवढ्यात तिचे वडील गवताच्या गंजीवरून पडले, कंबरेखालचं सगळं गेलं, भाऊ तेव्हा शाळेत. सारिका पालीला गेली ती राहिलीच. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची, वडिलांचं करायचं, म्हशी बघायच्या. मी फोनवर म्हणायचे, अजून वेळ गेली नाही. ती म्हणायची, "व्हय, बगू." त्या दिवसाबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि तिनं काढल्याशिवाय विषय काढायचा नाही ही सोय मी करून घेतली. नोकरी माझी होती. पण त्या दारातून मीही कधी पुरती बाहेर पडले नाही.

दहाव्यानंतर पालीला गेले. तिची आई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "येक इचारू का गं? तुमी दोगी येकाच खोलीत, येकच शिकला. मंग माजी कशी न्हाई पास झाली? तिचे वडील मरस्तवर म्हनत व्हते, पोरीनं आब्यास केला नसंल."

"नशीब, काकू," मी म्हणाले. चहा घेतला आणि निघाले.

काकूंना वाचता येत नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांचा मुलगा त्यांना वाचून दाखवील, मी त्याला तसं सांगितलंय. काकू, तिनं अभ्यास केला होता. माझं उत्तर तिचं होतं.