भरतीची वेळ गाठून गोराई: महेशचा बाप्तिस्मा

"रविवारी सकाळी नऊला गोराई बीच. टॉवेल आण." चार वर्षांनी भावाचा मेसेज आला, तोही एवढाच. ना कशी आहेस, ना आई कशी आहे.

महेश माझा धाकटा भाऊ. बाबांच्या बाराव्याला तो दारू पिऊन आला आणि वाढलेल्या पानांवर आडवा झाला. त्या दिवशी मी त्याला नको ते बोलले आणि दाराबाहेर काढलं. तेव्हापासून आई माझ्याकडे घाटकोपरला आहे, आणि तिने पोराचं नाव काढलेलं नाही. तो वाकोल्यात कुठेतरी राहतो, एवढंच कानावर होतं.

जावं की नाही यावर शनिवारचा अख्खा दिवस गेला. "पोहायला बोलावलंय वाटतं तुला," नवरा म्हणाला. "जा, निदान बीच तरी होईल." मलाही तसंच वाटलं. म्हणून मी माझ्यापुरता एक मोठा टॉवेल आणि बदलायचा ड्रेस पिशवीत टाकला. आईला म्हटलं, मैत्रिणीकडे जातेय.

पूर्व उपनगरातून जाणाऱ्यांसाठी सांगते. घाटकोपरहून मेट्रो, डी. एन. नगरला उतरून दुसरी मेट्रो, थेट बोरिवली पश्चिम. रविवारी सकाळी बसायला जागा मिळते. तिथून रिक्षाने गोराई जेट्टी. बोटीत माणसांबरोबर स्कूटर, भाजीच्या टोपल्या आणि एखादी बकरीसुद्धा चढते, तेव्हा कडेला उभं राहायची हौस नको. सुट्टे पैसे जवळ ठेवा, तिकीटवाले काका मोठ्या नोटेकडे फार दुःखी नजरेने बघतात. खाडी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण पलीकडे उतरलं की मुंबई सुटल्यासारखी वाटते. बैठी घरं, दारातले क्रूस, वाळत घातलेले बोंबील, मधूनच भाताचं एखादं शेत. पुढे बीचपर्यंत शेअर रिक्षा मिळते.

आणि भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की चालून चालून जीव जातो. पोहायचं तर नावच नको, ओढ वाईट आहे.

बीचवर पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी होती. साधी माणसं, इस्त्रीचे कपडे, एक पेटी, एक डफ. मराठीतलं कुठलंसं गाणं चाललं होतं. महेश पांढऱ्या सदऱ्यात होता. वाळला होता, पण चेहरा! माझ्या भावाचा असा स्वच्छ चेहरा मी बारावीनंतर पाहिला नव्हता.

"आलीस?" तो म्हणाला. "टॉवेल आणलास ना?"

"आणला. पण इथे पोहायचं कुठे?"

शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हसल्या. त्या पास्टरांच्या मिसेस. "पोहायचं नाय ताई. आज त्याचा बाप्तिस्मा हाय. पाण्यातून वर आला की घरच्या माणसानं टॉवेल घालायचा, अशी आपली पद्धत. ज्याचं कोण येत नाय, त्याला मी घालते. मी त्याला म्हटलं, तुला पण मीच घालीन. तर म्हणला, नको, ताईला विचारून बघतो."

मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. राग आला, खरं सांगते. धर्म बदलतोय आणि मला टॉवेल धरायला बोलावतोय! आईला काय सांगू? पण बाई सांगतच होत्या. वाकोल्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी महेश पडलेला असायचा. त्या रोज सकाळी चहा नेऊन द्यायच्या आणि तो रोज शिव्या घालायचा. "एक दिवस शिवी नाय दिली. म्हणला, माझ्यासाठी प्रार्थना करा, माझं काय खरं नाय. चौदा महिने झाले ताई, थेंब नाय घेतला. आमी काय केलं नाय. येशूनं केलं."

पास्टर, आठवडाभर शाळेची व्हॅन चालवणारे बुटके गृहस्थ, कमरेएवढ्या पाण्यात शिरले. मागून महेश. त्यांनी मोठ्याने विचारलं, "जुन्या जिण्याला मरायला तयार हायस?" तो "हो" म्हणाला. त्यांनी त्याच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. त्याच क्षणी लाट आली. दोघंही दिसेनासे झाले.

मी मोजू लागले. एक, दोन, तीन. कोणी दिसेना. आणि मी, जिने चार वर्षं भाऊ मेला असं स्वतःला सांगितलं होतं, ती मी चपलांसकट पाण्यात धावत सुटले. "महेश्या! ए महेश्या!"

लाट ओसरली. तो उभा होता. नाकातोंडातून पाणी गळत होतं, डोळे मिटलेले, हात वर, आणि हसत होता. मागे सगळे एकदम गायला लागले. कोवळ्या उन्हात तो असा काही दिसत होता की माझ्या अंगावर काटा आला. आई बाळंतीण झाली तेव्हा सहा वर्षांच्या मला सुईणीने दाखवला होता तो, ओला, चिंब, नवाकोरा. तसाच.

मी ओढतच त्याला बाहेर आणलं आणि टॉवेलात गुंडाळलं.

"चपला गेल्या तुझ्या," तो म्हणाला. मग हळूच, "ताई, त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तुझ्या नावानं आंघोळ केली."

"नको रे ते आता."

"ऐक ना. खरंच बोललीस तू. तो मेलाच होता. फक्त त्याला पुरायचं राहिलं होतं. आज पुरला."

मी त्या वाळूत बसून रडले. त्याचं डोकं पुसत रडले. एका बाईंनी डब्यातल्या पावासारख्या तळलेल्या गोल फुग्या आणि झणझणीत चिकन हातात दिलं, आणि आम्ही दोघं एकाच कागदावर जेवलो. गोराई गावात हा बेत विचारून मिळतो, सोडू नका. चपला मात्र गावातल्या दुकानातून नव्या घ्याव्या लागल्या.

मी काही ख्रिस्ती झालेले नाही. आमच्याकडे गणपती बसतो, बसेल. पण त्या पाण्यात कोणीतरी होतं आणि त्याने माझा भाऊ मला परत दिला, यावर माझा विश्वास बसला आहे. रोज सकाळी मी त्याचे आभार मानते. कोणत्या नावाने मानायचे ते मला नीट कळत नाही, म्हणून महेश सांगतो तेच नाव घेते. घेताना आत खूप शांत होतं.

संध्याकाळी मी त्याला घरी घेऊन गेले. जिन्यात तो माझ्या मागे राहिला. दार आईनेच उघडलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि तोंडाचा वास घेतला. मग मी धडपडत बाप्तिस्म्याचं सगळं सांगितलं.

"आता तुझा नाव काय ठेवल्यानी?" तिने तिच्या मालवणीत विचारलं.

"तूच ठेवलेलं, आई. महेश."

"मगे भायर कित्याक उभो रवलस? भितुर ये."