नव्या खोक्यातला स्टिअरिंग बॉक्स

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडी धुणं. खंडेनवमीची दुपार. डिंडोलीतल्या आमच्या खोलीसमोर मी पाणी मारत होतो, आणि सुमन — माझी बायको — फडक्यानं पुसत होती. चाकं माझी, काचा तिच्या. ठरलेलंच. एवढं मी सगळ्यांना सांगितलंय. पुढचं कुणालाच नाही. पोरींनाही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. सरळ सांगतो. सरळ? — बघू, जमतं का.

माझी जुनी फियाट होती. इथं परमुलखात कापडमिलमध्ये कामाला आलेल्या आपल्या खानदेशी लोकांना लग्नाकार्याला गावी न्यायचो. घरची एक रीत होती. गाडीचा कुठलाही नवा पार्ट आधी घरात यायचा, सुमन त्याला हळदकुंकू लावायची, मग तो मिस्त्रीकडं जायचा. आणि तिची एकच अट — भंगारातला पार्ट नको. चेपलेल्या गाडीत कुणाचा तरी जीव गेलेला असतो, म्हणायची. मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

नव्वद सालच्या आसपास स्टिअरिंग बॉक्स गेला. मी चाक फिरवायचो, गाडी तिच्या मर्जीनं वळायची. नवा मिळायला आठ दिवस, आणि परवा नवरदेव न्यायचा. काय करायचं? भंगारवाल्याकडं गेलो. पलसाण्याजवळ ट्रकनं मागून चेपलेली एक फियाट तिथं पडली होती, काचा फुटलेल्या, पण इंजिनाकडचं सगळं शाबूत. गाडीत कोण होतं ते मी विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं. बॉक्स हलवून पाहिला, ढिला नव्हता. तरी तासभर घुटमळलो. टिकेल का, याची भीती नव्हती हो — तिच्यापुढं नेऊ कसा, याची होती.

मग — घासलेटनं धुतला. दुकानातून नव्याचं रिकामं खोकं मागून आणलं, त्यात घातला, तिच्यापुढं ठेवला. नवा आहे, म्हणालो. तिनं डोक्यावर पदर घेतला. हळदीचं बोट खाचेतून फिरवताना जरा थांबली. मग हात जोडले.

सात वर्षं तो बॉक्स चालला. एकदाही दगा दिला नाही. दर खंडेनवमीला ती मला बॉनेट उघडायला लावायची, त्याला कुंकू लावून झेंडूचं फूल ठेवायची. भोळी आहे, वाटायचं मला.

गाडी धुतली त्या दुपारीही फूल ठेवलं. आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "माले तवाच समजनं व्हतं. बोटले काच टोचनी व्हती. कोनी तरी गयं आशीन त्या गाडीमा. त्यानासाठे लावस मी कुंकू. गाडीसाठे नई."

सात वर्षं! ना नाव माहीत, ना गाव, अशा जिवासाठी. माझं खोटं ठाऊक असून माझ्या शेजारच्या सीटवर बसून ती माहेरी जायची, यायची, वाटेत मला शेंगा सोलून द्यायची. केवढी होती ती बाई! आणि मी तिला भोळी म्हणत होतो?

तेव्हा तरी मी काय केलं? पाइपाचं पाणी जोरात सोडलं. आवाजात ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

ती हसली. म्हणाली, "बस करा आते, गाडी वाही जाई." फडकं पिळून दोरीवर टाकलं. संध्याकाळी चहाचं पातेलं उतरवताना खाली बसली, ती उठली नाही.

सकाळी तिचा भाऊ अमळनेरहून माहेरची साडी घेऊन आला. तिरडीला दारात जागा हवी म्हणून गाडी हलवायची होती. चालू होईना. त्यानं बॉनेट उचललं. कुंकू तसंच होतं, फूलही.

"दाजी, हाई कुंकू कसानं?"

"नवा पार्ट से," मी म्हणालो. "पूजा करस ती."

बॉनेट लावलं, आणि गाडीला मागून खांदा दिला.