पटरबद्दलचं चौथं मत

सकाळी घरात नेहमीचंच चाललं होतं. गॅसवर दूध, बाथरूममध्ये भरत आलेली बादली, आणि हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते. "तुझ्या मशीननं खाल्ला बघ," म्हणाले. मशीन मोजे खात नाही, माणसंच ते पलंगाखाली सारतात, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि दारावर थाप पडली.

आमच्या दाराला चांगली बेल आहे. पण यांच्या आत्या ती कधीच वाजवत नाहीत. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला त्यांचा. घंटा म्हटली की आता नको होतं, म्हणतात. आधी एक ठोका, जरा थांबून लागोपाठ दोन. पहिला ऐकला की मी हातातलं काम टाकून जाते, कारण तिसऱ्या ठोक्यानंतर त्या सरळ परत जातात आणि मग आठवडाभर ऐकवतात.

दारात आत्या उभ्या. केस नीट विंचरलेले, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. अभ्र्याचं टोक थरथरत होतं. ते थरथरणं अभ्र्याचं नव्हतं, त्यांच्या उजव्या हाताचं होतं, पण आम्ही दोघींनी तिकडे पाहायचं नाही असं न बोलता ठरलेलं आहे.

"पोरानं पाठवलाय. नवा पटर," त्या म्हणाल्या. "तुझा हॉल लागेल मला. टेबल सरकव आणि गालिचा मोकळा कर."

"आत्या, तू परत खेळणार?" यांनी आतून विचारलं.

"तेच ठरवायचंय. तुझा एक पाय उघडा का?"

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही लग्न होऊन या घरात येईपर्यंत माहीत नव्हतं. चेंडू लांब फटकावायच्या काठ्या वेगळ्या, आणि खड्ड्याजवळ आल्यावर त्याला हळूच ढकलायची काठी वेगळी. ही ढकलायची काठी म्हणजे पटर. आत्या म्हणतात, लांब मारणं म्हणजे आरडाओरडा, पटर म्हणजे कानात बोलणं. आणि गेले काही महिने त्यांना कानात बोलायलाच जमत नव्हतं. हाताला कंप सुरू झाला आणि हातभर अंतरावरचा चेंडूही खड्ड्याला वळसा घालून जाऊ लागला. एका शनिवारी त्यांनी पिशवी उचलली, घरी आल्या आणि ती कपाटामागे उभी करून ठेवली. त्यावर कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे.

आत्या कारखान्याच्या एक्स्चेंजमध्ये लागल्या तेव्हा विशीतल्या होत्या. सगळ्या कारखान्याला त्यांचा आवाज माहीत होता, चेहरा कुणालाच नाही. कारखान्याच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर रोज मधल्या सुट्टीत फोन करून वेळ विचारायचे. बरेच दिवस आत्यांनी वेळ सांगितली. मग एक दिवस विचारलं, "शाळेतलं घड्याळ बंद पडलंय का?"

"छे, अगदी बरोबर चालतं," मास्तर म्हणाले. "पण ते बोलत नाही."

हे मास्तर म्हणजेच यांचे आतोबा. मी त्यांना पाहिलं ते शेवटची काही वर्षं. उंच, वाकलेले, बोटांच्या पेरांत कायम पेन्सिलीचं शिसं. जेवताना ताटाकडेसुद्धा एक डोळा मिटून बघायचे, रेघ सरळ आहे का म्हणून.

कारखान्याच्या मागच्या बाजूला साहेब लोकांसाठी नऊ खड्ड्यांचं मैदान होतं. साहेब लोक उशिरा उठायचे. तेव्हा शनिवारी सकाळी इतरांनी खेळलं तर हरकत नाही, अशी परवानगी निघाली, आणि तिचा फायदा फक्त चौघांनी घेतला: आत्या, आतोबा, कामगारांचे कपडे शिवणारे शिंपीकाका, आणि दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. चौघांत मिळून काठ्यांचा एकच जुना संच. पटर तर त्यात नव्हताच. तो त्यांनी वर्गणी काढून घेतला, आणि एकाच पटरनं चौघं खेळणार म्हणून तो चौघांना पटायला हवा, असं ठरलं.

तिथून ती रीत पडली. दिसतो कसा, ते शिंपीकाका सांगणार. हाताला कसा लागतो, ते डॉक्टर. आवाज आत्यांचा, कारण कान त्यांचे. आणि चेंडू घरंगळतो कसा, ते आतोबा. ज्याचा पटर त्यानं सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मालक एकदा "छान आहे" म्हणाला की बाकीचे तोंडदेखलं बोलतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. पुढे प्रत्येकाला स्वतःचा पटर परवडू लागला, तरी रीत मोडली नाही. चौघांनी पास केल्याशिवाय पटर मैदानावर जात नसे.

एकदा मोठे साहेब आपला नवाकोरा पटर घेऊन मुद्दाम या चौघांकडे आले होते. तिघांनी मान डोलावली. आतोबा खड्ड्यामागे उकिडवे बसून पाहत होते. म्हणाले, "साहेब, चेंडूला निघतानाच ठेच लागते. आधी उडी मारतो, मग चालायला लागतो." साहेब पटर उचलून चालते झाले. आतोबांची बदली होणार असं आत्या घरी धरूनच चालल्या होत्या. बदली काही झाली नाही. पण साहेब पुढे कित्येक महिने शनिवारी लवकर उठून लांबूनच खेळायचे, आणि आतोबा दिसले की चेंडू हातानं उचलून खिशात घालायचे.

तर गॅस आणि नळ बंद केला, आणि आमच्या हॉलमधलं टेबल सरकलं. आत्यांनी अभ्र्यात हात घालून नवा पटर बाहेर काढला. तो पाहून हे म्हणाले, "ही तर इस्त्री आहे."

"मत विचारलंय तुला?" आत्या म्हणाल्या. "घरातल्यांना मत नाही. जा, मोजा शोध."

मात्र ते चूक बोलले नव्हते. डोकं रुंद आणि काळं, मधोमध पांढरी रेघ. मूठ चांगली जाडजूड, धरली की बोटं एकमेकांना टेकतच नाहीत. हात थरथरणाऱ्यांसाठीच तशी करतात म्हणे. पटरबरोबर एक चकचकीत कागद आला होता, त्यावर कुठल्या कुठल्या खेळाडूंची मतं छापलेली. आत्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'स्पर्श लोण्यासारखा.' लोण्याला हात लावलाय का यांनी कधी? काठी निसटून पायावर पडेल. 'पाहताक्षणी आत्मविश्वास वाढतो.' यांचा वाढत असेल. 'चेंडू जणू रुळावरून धावतो.'" इथे त्या थांबल्या आणि कागद घडी करून त्यांनी बाजूला ठेवला.

तेवढ्यात शिंपीकाका आले. आत्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आत्यांखेरीज चौघांतले एवढे एकच आता गावात. शनिवारी एकटेच जातात, आणि आत्यांनी कायमचं सोडलं तर आपणही सोडणार असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं. "एकटं खेळणं म्हणजे आरशासमोर कोट घालून बसणं," म्हणाले होते.

"दाखवा एक्स्चेंजबाई," म्हणत ते गालिच्यावर गुडघे टेकून बसले. पटर जमिनीवर ठेवला, वरून पाहिला, मागे सरकून पाहिला, मान तिरकी करून पाहिला. मी चहा आणला तो निवला.

"खांदे मोठे केलेत," शेवटी म्हणाले. "पॅड भरलेला कोट. आपल्या वेळी असं नव्हतं. पण एक सांगतो, पडलाय बरोबर. रेघ लावली की डोळा इकडेतिकडे जात नाही. दिसायला मी पास करतो. आवडला म्हणून नाही, बसला म्हणून."

आत्यांचा चेहरा तसाच. मालकाला बोलायचं नसतं.

मग डॉक्टर. ते दुसऱ्या गावी मुलीकडे असतात, अंथरुणाला खिळलेले, पण आवाज खणखणीत. आत्यांनी माझा मोबाइल मागितला आणि स्पीकरवर लावून गालिच्यावर ठेवला.

"कोण मारतंय?" पलीकडून आलं.

"मी मालक. शिंपीबुवांचा दिसण्याचा निकाल लागला. आता सूनबाई मारेल."

मी चपापले. या घरात इतकी वर्षं काढली, काठीला हात लावला तो झाडताना.

"मुली, घट्ट धरू नकोस," डॉक्टर म्हणाले. "पेशंटचा हात धरतो तसं. आता ढकल, आणि कुठं लागतं ते सांग. बोटांत, मनगटात की कोपरात?"

मी ढकलला. चेंडू पुस्तकांच्या कपाटाला लागून परत आला.

"कपाट गेलं?" डॉक्टर.

"वाचलं," शिंपीकाका म्हणाले.

"बोल मुली."

दुसऱ्यांदा मारला आणि मग सुचलं. "आधी काहीच नाही लागत. मग तळहातात. एखादं जड दार हळूच, पूर्ण लागतं ना, तसं."

"आत पोकळ नाही म्हणजे," डॉक्टर म्हणाले. " पक्का दात. पास. आणि एक्स्चेंज, तुझा कान काय म्हणतो? मालक असलीस तरी आवाज तुझाच."

आत्यांनी डोळे मिटले. मी पुन्हा मारला. "टक नाही, ठप नाही," त्या म्हणाल्या. "समोरच्यानं रिसीव्हर रागानं न आपटता ठेवला, तसा." आणि पहिल्यांदा थोड्या हसल्या. "पास."

यांना दुसरा मोजा एव्हाना सापडला होता, पण ऑफिसला जायचं विसरून ते दाराच्या चौकटीत उभे होते. "मग झालं की! आत्या, आता तू मार."

आत्यांनी स्टीलचा पेला गालिच्याच्या टोकाला आडवा ठेवला. आधी अभ्र्यातून जुना पटर काढला. तोही आणला होता हे तेव्हा कळलं. पितळी डोकं, मधला भाग चार जणांनी मारून मारून उजळलेला, कडा काळपट. त्यांनी पवित्रा घेतला. बारीक मूठ हातात येताच थरथर खालपर्यंत उतरली, पितळ गालिच्यावर थडथडलं. चेंडू पेल्यापासून हातभर लांबून गेला.

मग नवा. जाड मुठीवर त्यांची बोटं पसरली. हात थरथरत होता, मी बघायचं नाही म्हणून पटरच्या डोक्याकडे पाहत होते, आणि ते डोकं मात्र जागच्या जागी होतं. चेंडू निघाला आणि पेल्यात जाऊन खणकन वाजला.

"गेला की आत!" हे म्हणाले.

"गालिचा खोटं बोलतो," आत्या म्हणाल्या. "याच्यावर कुणाचाही जातो. कसा गेला?"

शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसला. "मला विचारू नका. मी दिसण्याचा माणूस. घरंगळण्याचं मास्तरांचं खातं."

"फोनवर मलाही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या खोलीत कुणीतरी औषधाची वेळ झाली असं म्हणालं, आणि त्यांनी निरोप घेतला. "कळव मला," एवढं म्हणाले.

आतोबा गेल्यापासून नवा पटर कुणी घेतलाच नव्हता, त्यामुळे चौथं मत कुणी द्यायचं हा प्रश्नच निघाला नव्हता. तो आज आमच्या हॉलमध्ये येऊन उभा राहिला.

शिंपीकाका गेले, हे ऑफिसला गेले. मी टेबल परत जागेवर ओढू लागले. आत्या खुर्चीत बसून जुन्या पटरचं पितळ पदरानं पुसत होत्या. पुसून उजळणारं नव्हतंच ते.

"ते कुठं उभे राहायचे माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "खड्ड्यात झेंडा असतो. चेंडू लांबून यायचा असला की एकानं तो धरून उभं राहायचं, आणि जवळ आला की उपसून बाजूला व्हायचं. ते काम यांनी कुणाला दिलं नाही. तिथूनच चेंडूचा चेहरा दिसतो, म्हणायचे. उडी मारत आला तर 'ठेच'. डुलत आला तर 'झोपेत आहे'. आणि नीट आला तर बाकी काही नाही. नुसतं 'आला'."

"आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी खोटं...?"

"मला? लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात 'झोपेत आहे' म्हणाले. दोन दिवस बोलले नाही मी." त्यांनी पितळेवरून अंगठा फिरवला. "आता मात्र सगळे गोड बोलतात. पोरगं फोनवर म्हणतं, आई, तू अजून मस्त खेळतेस. त्यानं बघितलंय कुठं? शिंपीबुवा तर माझा चेंडू चुकला की वाऱ्याला नावं ठेवतात. वारा नसला तरी. मला दयेवर खेळायचं नाही. हा पटर खरा असला तर मी खेळेन, हात थरथरो नाहीतर काही होवो. खरा नसला तर दोन्ही पटर आणि पिशवी मैदानावर देऊन टाकीन, कुणीतरी वापरेल."

सकाळचा चहा तसाच निवून गेला होता, ते आठवून मी उठले. दोन कप चहा करून आणला. आत्यांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"गेल्या महिन्यात मी पडदे शिवून घेतले," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, सुंदर. तू एकटी म्हणालीस, आत्या, डावा दोन बोटं आखूड आहे. मापून पाहिला. होता."

"मला बोलायला नको होतं."

"मी कुठं म्हणतेय, नको होतं?" त्यांनी नवा पटर अभ्र्यात सरकवला, जुना त्याच्या शेजारी, आणि उजवा हात मांडीखाली धरून ठेवला. मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाल्या,

"शनिवारी सकाळी माझ्याबरोबर मैदानावर ये. मला झेंडा धरायला माणूस हवंय."