दारावर गोमूत्र

माझ्यासमोर बाईंनी दारावर गोमूत्र शिंपडलं. तुळशीची डहाळी तांब्यात बुडवून, वरपासून खालपर्यंत. पॉलिशचा शेवटचा हात मी नुकताच मारलेला. बोटंसुद्धा पुसली नव्हती.

"शास्त्र असतं रे," त्या म्हणाल्या. "मनावर घेऊ नकोस."

साहेब पायरीवर मोबाइल बघत उभे. मान वर केली नाही.

घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला बंगल्यांची सोसायटी. मुख्य दार सागवानी, ऊन-पाऊस खाऊन काळवंडलेलं. मी ते घासून लाकूड उघडं केलं, स्टेनचा रंग चोळला, छिद्रं बुजवायला सीलर मारला, मग पॉलिश. एकट्याने. आणि सगळं बोलणं हिंदीत. पॉलिशवाला म्हणजे बाहेरचा, हे लोकांनी ठरवलेलंच असतं. मी तो समज मोडत नसे. भैयाला कुणी आडनाव विचारत नाही. ही माझी हुशारी. तिच्यापायी दिवसभर स्वतःच्या भाषेत एक शब्द नाही. डबा गेटजवळ, भिंतीकडे तोंड करून.

भैया होतो तोवर चहा घरातल्या स्टीलच्या पेल्यात यायचा. "भैया, चाय पियो, थंडा हो जाएगा हां!"

त्या दिवशी कळव्याहून आईचा फोन आला. "तू जेवून घे गं, मला उशीर होईल," एवढंच बोललो. बाई मागेच होत्या.

"अय्या! तू आपला मराठी? मग माझ्याकडून एवढी हिंदी का बोलवून घेतलीस, मेल्या?" त्या हसल्या. मीही हसलो. "गाव कुठलं? आडनाव काय?"

दुसरं एक आडनाव जिभेवर तयार होतं. कायम असतं. पण कामावर कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याशी असं घरच्यासारखं बोललेलं. खरं सांगितलं.

"अच्छा."

आत गेल्या. मग चहा कागदी कपात आला, पायरीवर. मी शिवलो नाही. दार संपवलं. "ओलं आहे, उद्यापर्यंत पाणी लागू देऊ नका," म्हणालो. त्यानंतर त्या तांब्या घेऊन आल्या.

डबाभर थिनरसाठी दुकानदाराची गचांडी धरणारा मी. गप्प सामान भरलं आणि निघालो.

सकाळी, हे काम मला देणाऱ्या ठेकेदाराचा फोन. दारावर पांढरे डाग उठलेत. गेलो. शेजारचे जमलेले. बाई कुठे दिसल्या नाहीत.

"काम कच्चं आहे तुझं," साहेब म्हणाले. मराठीत. अरे-तुरेत.

ठेकेदाराने बाजूला घेतलं. तो तरी माझ्या बाजूचा, असं मी समजत होतो. "अरे, घासून एक हात मार ना. इथली सगळी दारं तुलाच देतो. फक्त ते गोमूत्राचं बोलू नकोस. म्हातारी माणसं आहेत."

सगळी दारं. वर्षभराची भाकरी. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, दार नव्यासारखं करून देतो. फुकट. तुम्ही फक्त या लोकांसमोर सांगा, डाग कशाने पडले."

साहेबांनी पाकीट काढलं. "पैसे घे हवं तर आणि विषय संपव."

"पैसे नकोत. सांगा."

त्यांनी दार लावून घेतलं. डागांसकट. शेजारी पांगले. एकाने तरी विचारावं, कशाने पडले रे? कुणी विचारलं नाही. ठेकेदार माझ्या नावाने शिव्या घालत गेला. ती दारं दुसऱ्याने केली. माझे दोस्तही म्हणाले, येडा आहेस, एक हात मारायला काय जात होतं?

माझं मीपण जात होतं.

आता फोन आला की मराठीतच बोलतो. भाव सांगण्याआधी आडनाव सांगतो. कधी पलीकडून फोन कट होतो. कधी "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. काम कमी झालंय. डबा अजूनही एकट्यानेच खातो. पण ज्याला मी चालत नाही, त्याच्या दाराला माझा हात लागणार नाही. भावात हवी तेवढी घासाघीस करा. यात एक पैसा सुटणार नाही.