हनुवटीखालची ताटली

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं डॉक्टरांना चिमटे देणाऱ्या आणि थुंकीची भांडी धुणाऱ्या बाईला माणसाचं तोंड ही काय चीज आहे, हे कुणी सांगायला नको. आमच्या चिमटाबाईला चेहरे लक्षात राहत नसत; समोरच्याने ‘आ’ केला की मात्र लगेच ओळख पटे. “हा डाव्या दाढेत पूवाला,” असं ती पुटपुटे.

आणि रविवारी चर्चमध्ये, मिस्सेच्या उपासनेतही नशिबी तेच! फादर एकेकाच्या जिभेवर ओस्ती, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर झालेली ती पातळ पवित्र भाकर, ठेवत, आणि कण खाली सांडू नये म्हणून ही हनुवटीखाली ताटली धरून उभी. पांढरट जिभा, किडके दात, शिळा वास. देवाचं शरीर कुठे चाललंय ते बघून तिला ढवळून यायचं. चार महिने तिने स्वतः ओस्ती घेतली नव्हती. आपली श्रद्धाच आटली की काय, या धास्तीने जीव अर्धा झाला होता.

“फादर, एवढा रविवार ताटली धरते. मग दुसरं कुणी बघा.”

“का गं?”

“ओकारी येते.”

“माझ्या प्रवचनाने?”

“हसू नका. मेल्यांची तोंडं म्हणजे गटारं आहेत नुसती!”

त्याच रविवारी रांगेतल्या शेवटच्या म्हाताऱ्या शिंप्याला ठसका लागला. ओस्ती बेडक्यासकट ताटलीत. फादरनी त्याला दुसरी दिली आणि हिला हळूच म्हणाले, “पाण्यात ठेव.” अशी ओस्ती टाकत नाहीत, पूर्ण विरघळली की ते पाणी मातीत ओततात.

वेदीमागच्या खोलीत तिने ती वाटीभर पाण्यात सोडली. ओस्ती तरंगत होती, भोवती शिंप्याच्या लाळेची तार. शी! तिने पदर नाकाला लावला. ‘याच्या तोंडात मी हातमोज्याशिवाय बोट घालत नाही,’ तिच्या मनात आलं, ‘आणि हा देव? हा दर रविवारी आपणहून आत जातो. नाकसुद्धा मुरडत नाही.’

गुडघे कधी टेकले ते तिला कळलं नाही. मळमळ होतीच.

मिस्सा आटोपून फादर आत आले. “विरघळली?”

“कुठली? चिवट आहे.” मग खाली बघत म्हणाली, “फादर, एखादी उरलीय का?”

ते एक ओस्ती घेऊन आले. “ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन,” म्हणत तिने चार महिन्यांनी आ केला, तर स्वतःच्याच तोंडाचा वास भसकन नाकात शिरला. डोळे मिटून तिने जीभ पुढे केली.