स्थळ बघावं तसं घर बघितलं

आमच्या घरात पहिली पदवी माझी. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचं, तिथून एसटीनं बारामती गाठायची आणि संध्याकाळी तसंच परत, असं करून मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले. वर बी.एड.ही केलं. मग लग्न झालं, नवऱ्याच्या कंपनीमुळं भोसरीला गेलो, मुलगी झाली आणि पदव्या कपाटात गेल्या. दोनदा नोकरी चालून आली, दोन्ही वेळा नाही म्हणावं लागलं. लहान मुलीला कुणाजवळ ठेवायचं, याचं उत्तर भोसरीच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मिळालं नाही.

मुलगी दुसरीत जाणार त्या उन्हाळ्यात नवऱ्याची बदली बारामतीच्या एमआयडीसीत झाली. मी लगेच अर्ज केला आणि तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला जागा मिळाली. ज्या गावच्या स्टँडवर मी वडापाव खाऊन शेवटच्या गाडीची वाट बघायची, त्याच गावात मी शिकवायला जाणार होते. आता फक्त एकच अडचण होती. नवऱ्याला शिफ्ट, माझं कॉलेज पाचपर्यंत आणि मुलीची शाळा दुपारी सुटणार. घरात मोठं माणूस हवं होतं.

ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या कोऱ्हाळे बुद्रुकला थोरल्या दिरांकडं असायच्या. आम्हीही तिथंच राहावं असं दीर म्हणाले, पण रात्रपाळी करून रोज तेवढं अंतर मोटरसायकलवर येणं-जाणं मला मान्य नव्हतं. म्हणून आत्यांनाच विचारलं.

"यीन की," मिसरी लावता लावता त्या म्हणाल्या. "पर जागा मी बगनार. आन दिवाळीपतूर ऱ्हाऊन बगीन. न्हाय करमलं तर माजं कोऱ्हाळं बरं."

म्हणजे त्यांना करमलं तर माझी नोकरी, नाही करमलं तर पुन्हा कपाट. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं.

घरं बघायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात माझे मुद्दे तयार होते. शाळेची बस दारापर्यंत येते का, पाणी किती वेळ येतं, दवाखाना किती लांब. आत्यांची पद्धत वेगळी होती. आमच्याकडं सोयरीक जुळवायच्या आधी दोघं-तिघं जण न कळवता त्या गावात जातात. ज्यांची मुलगी बघायची त्यांच्याकडं नाही जायचं. शेजारच्या घरी जायचं, पाणी मागायचं, टेकायचं आणि पाऊसपाण्याचं बोलता बोलता विचारायचं की अमक्यांचं घर कसं आहे. आत्यांनी असं पाणी पिऊन नात्यातली कितीतरी लग्नं जुळवली होती, काही होता होता थांबवली होती. माझ्याही माहेरच्या शेजारी येऊन त्या पाणी पिऊन गेल्या होत्या, हे मला लग्नानंतर कळलं. घर बघायला त्या त्याच तयारीनं निघाल्या. हातात कापडी पिशवी, कनवटीला पानतंबाखूची चंची आणि गाडीतली पाण्याची बाटली मुद्दाम गाडीतच.

पहिली बघितली ती एमआयडीसीच्या अंगाची नवी कॉलनी. फाटक, वॉचमन, झाडं, झोपाळे. मला एका नजरेत आवडली. आत्यांनी एका दाराची बेल दाबायला लावली. एका बाईनं जाळीचं दार अर्धवट उघडलं, "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं, फ्रिजमधली गार बाटली आणून दिली आणि दार लावून घेतलं.

"पानी चांगलं दिलं," आत्या म्हणाल्या. "पर मला का बाटलीशी बोलायचं हुतं?"

"आत्या, ती बिचारी कामात असेल. अनोळखी माणसाला कोण घरात घेतं आजकाल?"

"बरूबर हाय तिचं. पर तू कालेजात, त्यो कंपनीत, पोरगी साळंत. मी दिसभर कुनाशी बोलू? झोपाळ्याशी?"



दुसरं घर पिंपळीला. पुढं अंगण, मागं ऊस, शेजारी गोठा. तिथं आत्यांनी पाणी मागितलं तर ताक आलं, ताकाबरोबर ओळख निघाली आणि ती बाई आत्यांच्या माहेरच्या कुणाची तरी पुतणी निघाली. आत्या चक्क मांडी घालून बसल्या. "हेच ठरवून टाक," मला म्हणाल्या.

मी रस्ता बघून आले होते. शाळेची बस मोठ्या रस्त्यावर थांबणार आणि तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस. आता खोडव्याचा ऊस गुडघ्याएवढा होता. दिवाळीला तो डोक्याच्या वर जाणार, हे शेतकऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला नको. त्यातून सात वर्षांची मुलगी दप्तर घेऊन चालत येणार.

"घर तुम्हाला पसंत आहे, मला नाही," मी सरळ सांगितलं.

"शिकल्याली सून केली की ह्येच हुतं," त्या ताकवाल्या बाईला म्हणाल्या. "स्थळ आपुन बगायचं आन मोडायचं तिनं."

पण गाडीत बसल्यावर त्यांनी मान वळवून त्या उसाकडं बराच वेळ बघितलं आणि पुन्हा पिंपळीचं नाव काढलं नाही.

तिसरं जळोचीला. जुनी शेतं प्लॉट पडून संपत आलेली, मध्येच एखादा मक्याचा तुकडा. गल्लीत मुरमाचा रस्ता, गटार एका बाजूनं झालेलं, दुसऱ्या बाजूनं खणून ठेवलेलं. भाड्याचं घर ठीक होतं. शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी यायची. पाणी मात्र दिवसाआड. माझं मन हो-नाही करत असतानाच आत्या समोरच्या बाजूच्या एका घराकडं चालू लागल्या. ओट्यावर शिलाई मशीन होतं आणि एक चाळिशीची बाई ब्लाऊजला हुक लावत बसली होती. पुढं आम्ही तिला सगळी गल्ली म्हणते तसं भाभी म्हणायला लागलो. तिच्या मालकांचं वेल्डिंगचं दुकान आहे.

"जरा पानी मिळंल का, बाई?" आत्या म्हणाल्या.

"बसा की आज्जी. उनाचं कुठनं आलाव?" भाभीनं हुक बाजूला ठेवले, तांब्या आणला, बरोबर गुळाचा खडा आणला. आत्यांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायल्या, पदरानं वारा घेतला. मग त्यांचा ठरलेला प्रश्न.

"हितली मानसं कशी हायती म्हनायची?"

भाभीनं एकदा आत्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग शेजारच्या घराकडं. तिथं एक सावळीशी मुलगी जिन्यावर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. भाभीनं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला.

"आज्जी, मी खोटं बोलनार न्हाय. पोरगी सोनं हाय. माज्या धाकट्याला ताप चढला, ह्ये दुकानावर, तर तिनं स्कूटीवर घालून दवाखान्यात नेला. घरातलं समदं येतं तिला. आईबाप गरीब सोभावाचे, कुनाच्या अध्यात न्हाईत का मध्यात न्हाईत."

आत्या मान डोलवत होत्या. बोलणं भलतीकडं चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं का, हे मला अजूनही माहीत नाही. स्थळाची चौकशी म्हटली की त्यांची मान आपोआप डोलते.

"पर येक सांगते, राग मानू नका," भाभी म्हणाली. "तिला शिकायचंय. बी.एस्सी.ला हाय. लग्न करून पुडं शिकवनार असाल तर शेजारी जावा, मीच घेऊन जाते. चूल फुकायलाच न्यायची असंल तर पानी प्यालाव, हितनंच म्हागं फिरा."

आणि माझ्याकडं वळून, "पोरगा काय करतो तुमचा?"

मला हसू आवरेना. "अहो, माझा पोरगा कुठला? मला एक मुलगी आहे, ती दुसरीत जाईल. आम्ही घर बघायला आलोय. भाड्याचं. समोरचं."

भाभीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! आज्जी, मग तुमी मान कशाला हलवत हुता?"

"तू सांगत हुतीस, मी ऐकत हुते," आत्या शांतपणे म्हणाल्या.

आमचं हसणं ऐकून ती मुलगी जिन्यावरून उठून आली. "काय झालं, भाभी?"

"काय न्हाय. तुजं लगीन आत्ताच ठरलं आन आत्ताच मोडलं. जा, अभ्यास कर."

आम्ही परत निघालो. गाडी एमआयडीसीच्या चौकात आली तेव्हा आत्या म्हणाल्या, "त्येच बग, जळोचीचं."

"पाणी दिवसाआड आहे, आत्या. गटार उघडं आहे."

"टाकी बांधून घ्यायला सांग मालकाला. गटार आज न उद्या हुईल." मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोरीपायी तिनं मला दारातनं म्हागं फिर म्हनलं. आमच्या भावकीत असं कोन म्हनंना."

टाकी मी घरमालकाकडून बसवून घेतली, नुसत्या तोंडी होकारावर नाही, होईपर्यंत पाठपुरावा करून. आणि आम्ही राहायला आलो.

पण घर पसंत पडणं वेगळं आणि करमणं वेगळं. आत्यांनी कोऱ्हाळ्याहून चार लुगडी आणली, बाजलं आणलं नाही. त्यांचं ते सुंभानं विणलेलं जुनं बाजलं तिकडच्या पडवीत तसंच होतं. इकडं दिवाणावर त्यांना झोप लागायची नाही. "गादीत मानूस बुडतं," म्हणायच्या. नवरा म्हणाला, बाजलं आणतो. तर, "ऱ्हाऊ दे. दिवाळीनंतर जायाचंच हाय." ट्रॅक्टरचा आवाज आला की त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या, कुणाच्या ट्रॉलीत काय चाललंय बघत.

मुलगी मात्र लवकर रुळली. पहिल्या आठवड्यात मला विचारते, "आई, भाभींकडं जायचंय, आधी फोन करायचा का?" पुढच्या महिन्यात ती सांगायचीही बंद झाली. शाळेतून आली की दप्तर ओट्यावर फेकायची आणि गल्लीत नाहीशी व्हायची. तिच्यामागं "आगं ताटावरनं उठून पळू नगं!" करत आत्या घरोघर हिंडायच्या. बी.एस्सी.वाली मुलगी माझ्याकडं रसायनशास्त्राच्या शंका घेऊन यायला लागली. मी तिला शिकवत असताना आत्या दारात बसून ऐकायच्या, कळत काही नसताना.

दसरा झाला. नोकरी धरताना मी दिवाळीपर्यंतचंच नक्की सांगितलं होतं. कॉलेजात प्राचार्यांनी विचारलं, "दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक करतोय. तुम्ही आहात ना?" मी दोन दिवस मागितले. एवढी तोंडाची फटकळ मी, पण आत्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आत पेपर तपासत बसले होते. बाहेर कुणीतरी पाणी मागितलं. डोकावले तर टोपी घातलेले एक गृहस्थ आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई. आत्यांनी तांब्या दिला, गुळाचा खडा दिला. बाईनं पाऊसपाण्याचं काढलं, बाजारभावाचं काढलं, आणि मग समोरच्या जिन्याकडं बघत विचारलं, "ही समोरची मानसं कशी हायती?"

मी पेन खाली ठेवलं.

"पोरगी सोनं हाय," आत्या म्हणाल्या. "पर आमच्या सूनबाई कालेजात मास्तरीन हायत, त्या शिकवत्यात तिला. तिला अजून लय शिकायचंय. शिकवनार असाल तर दोन वर्सांनी या, मी सोता संगं येते. न्हायतर पानी प्यालाव, हितनंच म्हागं फिरा. आमच्या गल्लीतली पोरगी हाय."

पाहुणे गुळमुळीत हसून गेले. आत्या आत आल्या आणि मला म्हणाल्या, "त्याला फोन लाव."

"कुणाला?"

"थोरल्याला. म्हनावं, आमी दिवाळीला आलो की परतताना टेम्पो बगून ठीव. माजं बाजलं आनायचंय."

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी बसलेसुद्धा नाही. "आहे, सर," एवढंच म्हणाले.

भाऊबीज करून आम्ही कोऱ्हाळ्याहून परतलो तेव्हा मागून टेम्पोत बाजलं आलं. नवऱ्यानं आणि टेम्पोवाल्यानं ते आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं, पण भाड्याच्या घराच्या दारातून ते काही आत जाईना. शेवटी आत्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे भाईर. ओट्यावर टाका."

संध्याकाळी मी कॉलेजचं सामान लावून बाहेर आले. बाजल्यावर भाभी हुक लावत बसली होती, तिच्या शेजारी बी.एस्सी.वाली मुलगी वही घेऊन, तिची आई फराळाचा डबा घेऊन, आणि मधोमध माझी मुलगी आडवी पसरलेली. आत्या कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या.

"उठा की गं जरा," त्या म्हणत होत्या. "बाजलं माजं हाय न्हवं?"

"बसा की आज्जी," भाभी न उठताच म्हणाली, "कडंला जागा हाय."