बुडत्या गलबताचा अध्याय

भालकीच्या शिवप्रसादनं समुद्र पाहिला तो फक्त पुस्तकात. दिवसा बियाण्याचं दुकान आणि संध्याकाळी जुन्या काळच्या आरमाराच्या कादंबऱ्या. एकामागून एक भाग निघत गेले आणि हा तुरीचं बी विकणारा माणूस शीड, सुकाणू, वारा यांच्यावर तासभर बोलू लागला. बायको नेत्रावती कानडी शाळेत शिकलेली. मराठी फडाफडा बोलायची, वाचताना मात्र अडखळायची. म्हणून तो मोठ्यानं वाचायचा आणि ती शेंगा फोडत ऐकायची.

पित्ताशयातल्या खड्यानं ती हैराण झाली होती. उद्या लातूरला ऑपरेशन. तिचं मन रमावं म्हणून शिवप्रसादनं राखून ठेवलेला भाग वाचायला घेतला, आणि तिथंच फसला. शेवटच्या पानावर डोलकाठी मोडली, गलबतात पाणी शिरलं आणि भाग संपला.

नेत्रावतीचा चेहरा उतरला. तिच्या माहेरी, हुलसूरला, श्रावणात पुराण लागायचं. कुणाचा जीव संकटात असताना पोथी बांधायची नाही, हा तिथला दंडक.

"एवढी माणसं बुडायलीत अन् तुमी पुस्तक मिटायलाव? मी न्हाई यायची लातूरला."

"आगं, गोष्ट हाय ती! डॉक्टरनं सांगितलंय, उशीर करू नका."

"पुराण बी गोष्टच असतंय."

ती हलेना. शेवटी त्यानं उदगीरच्या पुस्तकवाल्या बालाजीला फोन लावला आणि तिला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"पुढचा भाग आलाय का?"

"आलाय की अण्णा. ठेवू बाजूला?"

"ठेवू नको, वाच. आत्ता!"

"फोनवर? गिऱ्हाईक उभं हाय हितं."

"त्याला बी ऐकू दे. गलबतातल्या माणसांचं काय झालं ते कळल्याबगर तुझी अक्का उद्या ऑपरेशनला यायची न्हाई."

बालाजीनं पानं चाळली. "अक्का, वाचले सगळे. बिनघोर जावा."

"सांगू नगा भाऊ, वाचा," नेत्रावती म्हणाली.

बालाजी बसस्टँडवरच्या घोषणेसारखं वाचू लागला. खलाशी हंड्यांनी पाणी उपसत होते, लाटा वरून कोसळत होत्या.

"पळायलास कामून? दम घे की," शिवप्रसादला राहवलं नाही.

अखेर गलबत खाडीच्या मऊ वाळूत रुतलं. गलबताच्या म्होरक्यानं, तांडेलानं, माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. पलीकडून गिऱ्हाईकच ओरडलं, "सुटले बाबा!"

नेत्रावतीनं मोठा श्वास सोडला आणि उठून कपाट उघडलं. "पिशवी कुठं ठेवलाव? टॉवेल घ्यायचा ऱ्हायलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स बाहेर आली. "झालं काका. शुद्धीवर आल्या." शिवप्रसाद भिंतीला टेकला आणि कितीतरी वेळ नुसता हसत राहिला.